घराचं रीवायरिंग आणि तांब्याची वायर : तपकीर गल्लीतल्या खरेदीचा सविस्तर रिव्ह्यू

आधी निकाल सांगते. वायरला पाचपैकी साडेचार, दुकानाला चार, वायरमनदादांना पाचपैकी पाच. आता सविस्तर लिहिते, कारण वायर ही अशी वस्तू आहे की एकदा पाईपात गेली की पुढची पंचवीस-तीस वर्षं तिचं तोंड कुणी बघत नाही, आणि तरीही लोक टाईल्स निवडायला चार-चार शोरूम पालथे घालतात, नळाच्या फिटिंगवर तासन् तास चर्चा करतात आणि वायरचं मात्र "तुम्हीच आणा हो दुकानातून" म्हणून वायरमनवर सोडून मोकळे होतात. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे कंडक्टर, म्हणजे वीज वाहून नेणारा पदार्थ, हा माझा दरवर्षीचा धडा, आणि घरातल्या भिंतीत जो खराखुरा कंडक्टर बसणार आहे तो तरी नीट पारखून घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

घर सातारला आई-बाबांचं, ऐंशीच्या दशकात बांधलेलं. तेव्हाचं वायरिंग ॲल्युमिनियमचं, लाकडी पट्टीवर क्लिपा मारून नेलेलं, आणि पुढे फ्रिज आला, मिक्सर आला, गीझर आला, वॉशिंग मशीन आलं तसतसं त्यालाच जोड देत देत वाढवलेलं. लक्षणं बरेच दिवस दिसत होती. गीझर लावला की बाथरूमचा बल्ब मंद व्हायचा, प्लगची एक पिन काळपट पडलेली, स्विचबोर्डाला हात लावला की कोमट लागायचा. बाबांचं म्हणणं, "चाळीस वर्षं काही झालं नाही, आता काय होणारे." म्हणून त्यांच्यासमोरच मल्टीमीटर लावला. गीझर बंद असताना बाथरूमच्या सॉकेटवर २३१ व्होल्ट, चालू केल्यावर २१६, आणि त्याच वेळी मीटरजवळ २२९. म्हणजे मीटरपासून बाथरूमपर्यंत येता येता १३ व्होल्ट गायब. ३ किलोवॉटचा गीझर २१६ व्होल्टवर सव्वाबारा अँपिअर घेतो, १३ गुणिले सव्वाबारा करा, जवळजवळ १६० वॉट होतात. ही १६० वॉटची उष्णता गीझरमध्ये नाही तर भिंतीवरच्या वायरीत आणि तिच्या जोडांमध्ये तयार होत होती. हे कागदावर मांडून दाखवल्यावर बाबा म्हणाले, "मग बदलूनच टाकू सगळं."

खरेदी पुण्यात केली, बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत. इलेक्ट्रिकचं सामान म्हटलं की पुण्यात तीच गल्ली आणि मुंबईत लोहार चाळ, हे सगळ्यांना माहितीच आहे. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळणं अवघड, त्यापेक्षा मंडईच्या मेट्रो स्टेशनवर उतरून चालत जा. फिनोलेक्स, पॉलिकॅब, हॅवेल्स, आरआर केबल, केईआय, सगळी नावं एकाच गल्लीत मिळतात. मी घेतलेली वायर या मोठ्या नावांपैकीच एका कंपनीची आहे, पण नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण नाव लिहिलं की लोक फक्त नाव वाचतात आणि नामांकित कंपन्यांच्या नावाने नकली बंडलंही बाजारात येतात. खाली जी तपासणी सांगते ती कुठल्याही कंपनीच्या वायरला लावता येते, तीच या रिव्ह्यूतली खरी कामाची गोष्ट.

दुकानदार काका जुने, शांत, घाई न करणारे. मी काय-काय लागणार त्याची यादी नेली होती : लाईट-पंख्याला दीड एमएम, पॉवर पॉइंट आणि गीझरला अडीच, एसीला आणि मेनला चार, अर्थिंगची हिरवी वेगळी. (दुकानात सगळे नुसतं एमएम म्हणतात पण तो आकडा वायरच्या जाडीचा नाही, आतल्या तांब्याच्या कापलेल्या तोंडाच्या क्षेत्रफळाचा असतो, स्क्वेअर मिलिमीटर. अडीचच्या वायरमधलं तांबं एकसंध असतं तर त्याचा व्यास पावणेदोन-एक मिलिमीटरच भरला असता.) काकांनी यादी बघितली आणि म्हणाले, "ताई, लाईटला लोक एक एमएमचीच घेतात, दीड कशाला?" मी म्हटलं काका, पुढेमागे कुणी त्याच बोर्डावर इस्त्रीचा पॉइंट काढेल, तेव्हा मी तिथे नसेन. त्यांना पटलं.

काउंटरवर मात्र दोन गोष्टी अशा ऐकायला मिळाल्या ज्या सगळीकडेच ऐकायला मिळतात आणि त्यावर बोलायलाच हवं. पहिली म्हणजे, "बारीक तारा जितक्या जास्त तितका करंट जास्त, कारण करंट तारेच्या वरून-वरून वाहतो." हे घरातल्या वायरला लागू नाही. एसी करंट (सतत दिशा बदलणारा, आपल्या घरात येतो तोच) कंडक्टरच्या पृष्ठभागाकडे सरकतो हे खरं आहे, त्याला स्किन इफेक्ट म्हणतात, पण घरातल्या ५० हर्ट्झच्या विजेला तांब्यात करंट पृष्ठभागापासून जेवढा आत शिरतो ती खोली सव्वानऊ मिलिमीटरच्या आसपास असते. आपल्या वायरीची त्रिज्या दीड मिलिमीटरसुद्धा नाही. म्हणजे करंट पूर्ण तांब्यातून, आतून-बाहेरून सारखाच वाहतो. फ्रिक्वेन्सी लाखांत गेली, रेडिओच्या पट्ट्यात गेली की तो परिणाम मोठा होतो, स्वयंपाकघरातल्या प्लगला नाही. मग बारीक तारा कशाला? वायर वाकावी म्हणून, पाईपातल्या वळणातून ओढताना आतून तुटू नये म्हणून. तेवढं कारण पुरेसं आहे. साधारणपणे ०.३ मिलिमीटरच्या तारा असतात, एकच्या वायरमध्ये १४, दीडमध्ये २२, अडीचमध्ये ३६, चारमध्ये ५६. गुणाकार करून बघा, क्षेत्रफळ बरोबर जुळतं. तारांची संख्या जास्त पण प्रत्येक तार बारीक असेल तर एकूण तांबं तेवढंच.

दुसरी गोष्ट, खोक्यावरचं "१०१ टक्के कंडक्टिव्हिटी", म्हणजे वीज वाहून नेण्याची क्षमता. वाचणाऱ्याला वाटतं शंभराच्या वर कसं काय. त्याचं असं आहे की १९१३ साली तांब्याच्या कंडक्टिव्हिटीचं एक आंतरराष्ट्रीय माप ठरवलं गेलं, त्या वेळच्या चांगल्या नरम केलेल्या तांब्याला १०० टक्के धरलं, आणि आजचं तांबं त्याहून थोडं शुद्ध बनतं म्हणून १०१ येऊ शकतं. खोटं नाही, पण घर बांधणाऱ्याच्या दृष्टीने त्या एका टक्क्याला काही अर्थ नाही. तांबं अर्धवट कमी भरलं तर तीस-तीस टक्क्यांचा फरक पडतो, तिथे कुणी बघत नाही. शुद्धतेचा प्रश्न खरा येतो तो भंगाराचं तांबं वितळवून काढलेल्या तारेत. तांब्यात फॉस्फरससारखी भेसळ अगदी थोडी जरी राहिली तरी कंडक्टिव्हिटी बरीच खाली येते.

असं का होतं हे मला इथे सांगायचंच आहे, मुलांना सांगताना मला सगळ्यात जास्त आनंद याच भागात होतो. तांब्याचा प्रत्येक अणू आपला साधारण एक इलेक्ट्रॉन मोकळा सोडतो आणि हे मोकळे इलेक्ट्रॉन सगळ्या धातूभर फिरत असतात. एका घन सेंटिमीटर तांब्यात असे मोकळे इलेक्ट्रॉन किती, तर ८.५ गुणिले १० चा २२ वा घात. स्विच बंद असतानाही ते सेकंदाला हजार-दीड हजार किलोमीटरच्या वेगाने सैरावैरा धावत असतात, पण सगळ्या दिशांना सारखेच, म्हणून करंट शून्य. स्विच लावला की सगळ्यांना एकाच दिशेने हलकासा कल मिळतो, तो कल म्हणजे करंट. आणि हा कल किती हळू असतो हे मुलांना पहिल्यांदा पटतच नाही : अडीचच्या वायरमधून १० अँपिअर डीसी जात असेल तर इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला ०.३ मिलिमीटर सरकतो. तासाभरात एक मीटर. आपला तर एसी, सेकंदाला पन्नास वेळा पुढे-मागे, त्यामुळे तो सरकतो एक मिलिमीटरच्या दोन-तीन हजारांश भागाइतका आणि परत येतो, जन्मभर तिथेच. आमच्या सातारकरांना वाटतं कोयनेतून वीज निघते आणि तारेतून घरात येते, पण कोयनेचा एकही इलेक्ट्रॉन आपल्या बल्बात पोचत नाही, मधल्या ट्रान्सफॉर्मरमध्ये तर तारेला तार चिकटलेलीही नसते. मग बल्ब लगेच कसा लागतो? गच्च भरलेल्या लोकलमध्ये मागून धक्का बसला की दारातला माणूस त्याच क्षणी हलतो, मागचा माणूस दारापर्यंत यायची गरज नसते, तसं. हा धक्का, म्हणजे विद्युत क्षेत्र, प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाऊन तारेच्या कडेकडेने पसरतो आणि तारेतले आधीपासून हजर असलेले इलेक्ट्रॉन सगळीकडे एकदमच हलायला लागतात.

आता रेझिस्टन्स, म्हणजे करंटला होणारा अडथळा (तो ओहममध्ये मोजतात). तांब्याचे अणू अगदी शिस्तीत, ओळीत बसलेले असतील तर इलेक्ट्रॉनला फारशी अडचण येत नाही. अडचण येते ती दोन गोष्टींनी, अणू उष्णतेने थरथरतात म्हणून आणि मध्येच परका अणू बसलेला असतो म्हणून. परका अणू म्हणजेच ती भेसळ. थरथर वाढली, म्हणजे वायर तापली, की रेझिस्टन्स वाढतो, दर डिग्रीला सुमारे ०.४ टक्के. २० डिग्रीची वायर ७० डिग्रीला गेली की रेझिस्टन्स जवळजवळ २० टक्क्यांनी वाढलेला असतो, म्हणजे त्याच करंटला आणखी उष्णता, म्हणजे आणखी तापणं. साध्या पीव्हीसी इन्सुलेशनची मर्यादा ७० डिग्रीच आहे, त्याच्या वर रोज-रोज गेलं तर पीव्हीसी कडक होतं आणि तडकतं. ही सगळी साखळी सुरू होते ती तांबं कमी असण्यापासून.

म्हणून माझी तपासणी ही तांबं मोजायची आहे आणि ती अगदी सोपी आहे. वायरचा बरोबर एक मीटर तुकडा कापा, वरचं प्लास्टिक पूर्ण सोलून काढा, आतल्या तारांचं वजन करा. तांब्याची घनता घन सेंटिमीटरला ८.९६ ग्रॅम, त्यामुळे एकच्या वायरमध्ये मीटरला ९ ग्रॅम तांबं यायला हवं, दीडमध्ये साडेतेरा, अडीचमध्ये सव्वाबावीस ते साडेबावीस, चारमध्ये पस्तीस-छत्तीस. छोटा डिजिटल काटा चालतो, नाहीतर ओळखीच्या सोनाराकडे जा. थोडं कमी भरलं तर घाबरू नका, कारण मानकात वजन ठरवलेलं नाही तर रेझिस्टन्सची कमाल मर्यादा ठरवलेली आहे, अडीचच्या वायरला किलोमीटरला साडेसात-आठ ओहमच्या घरात, आणि चांगलं शुद्ध तांबं असेल तर कंपनी थोडं कमी तांबं घालूनही त्या मर्यादेत बसू शकते. अडीचच्या वायरचं तांबं मीटरला २० ग्रॅमच्या खाली गेलं की मात्र विचारा, हे काय आहे. माझ्या बंडलातल्या अडीचच्या तुकड्याचं वजन २१.८ ग्रॅम भरलं, दीडचं १३.१. पूर्ण समाधान.

तुलनेला म्हणून सातारच्याच एका दुकानातून बिननावाची, "१.५" छापलेली वायर थोडी कापून आणली होती, दुकानाचं नाव देत नाही. हातात घेतल्यावरच हलकी लागली. सोलल्यावर तारा तांब्यासारख्या लालसर, पण ब्लेडने खरवडल्या की आत पांढरा धातू. वजन ५ ग्रॅम. हे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याचा रेझिस्टन्स तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, आणि ही वायर "कॉपर" म्हणून विकली जात होती, निम्म्याहून कमी भावात. स्वस्त मिळाली म्हणून आनंदाने घेऊन जाणारी माणसं असतील, त्यांच्या घरात लहान मुलं असतील, हे डोळ्यांसमोर येऊन मला खरंच राग आला. कृपा करून एक तार खरवडून बघत जा, पाच सेकंदांचं काम आहे.

दुसरी तपासणी मल्टीमीटरची. अख्ख्या ९० मीटर बंडलाची दोन्ही टोकं सोलून ओहम मोजायचे. अडीचच्या बंडलाला ०.६५ ते ०.७ च्या आसपास यायला हवं, एकच्या बंडलाला १.६ ते १.८. एक काळजी घ्या, मीटरच्या स्वतःच्या लीडचाच रेझिस्टन्स ०.२-०.३ असतो, आधी दोन्ही लीड एकमेकींना टेकवून तो बघा आणि वजा करा, नाहीतर चांगली वायर उगाच नापास व्हायची. यात अजून एक फायदा, लांबी कमी भरलेली असेल तर तीही कळते, वजन बरोबर आणि रेझिस्टन्स फारच कमी आला तर समजा बंडल ९० मीटरचं नाही.

खोक्यावर आयएसआयचा मार्क, त्याच्या वर आयएस ६९४ (अशा वायरींच्या मानकाचा नंबर) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर असतो. तो नंबर बीआयएस केअर ॲपमध्ये (बीआयएस म्हणजे हा मार्क देणारी सरकारी संस्था) टाकला की लायसन्स कुणाचं आहे आणि चालू आहे का ते दिसतं. मी काउंटरवरच टाकून बघितला, काकांना राग वगैरे आला नाही, उलट शेजारी उभ्या असलेल्या गिऱ्हाईकालाही दाखवा म्हणाले. याबद्दल दुकानाला एक स्टार जास्तीचा.

इन्सुलेशनमध्ये मी एफआर-एलएसएच घेतलं. नुसतं एफआर म्हणजे आग वायरवरून पुढे सरकत जात नाही, पण पीव्हीसी जळताना काळा धूर आणि हायड्रोजन क्लोराईडचा जळजळणारा वायू निघतोच, एलएसएचमध्ये धूर आणि तो वायू कमी करायचा प्रयत्न केलेला असतो. घरात सत्तरी ओलांडलेली दोन माणसं आहेत, रात्री काही झालं तर त्यांना बाहेर पडायला धुराशिवायची दोन मिनिटं जास्त मिळावीत, एवढा साधा हिशोब. याच्याही वरचं, हॅलोजन अजिबात नसलेलं इन्सुलेशन मिळतं, पण ते महाग आहे, बजेट असेल तर जरूर घ्या.

आता वापरातला अनुभव. नवीन अडीचच्या वायरवर तोच ३ किलोवॉटचा गीझर, साधारण १५ मीटर लांबीचा मार्ग, जाऊन-येऊन ३० मीटर तांबं. गणिताने येतात तीनच्या आत व्होल्ट, आणि मीटरवर तीनच दिसले. बल्ब आता हलतही नाही. उष्णता ३७-३८ वॉट, तीही ३० मीटरभर पसरलेली, म्हणजे मीटरला सव्वा वॉट, वायर कोमटसुद्धा लागत नाही. हेच एकच्या वायरने केलं असतं तर ७ व्होल्ट पडले असते आणि मीटरला ३ वॉट, आणि पाईपात आणखी चार वायरी सोबतीला असत्या तर ती उष्णता बाहेर पडायला जागाच नाही.

लाईट बिल कमी येतं असं जे सांगितलं जातं त्यावर मात्र जाऊ नका. गीझर रोज अर्धा तास चालतो धरलं तर एकची वायर आणि अडीचची वायर यात महिन्याला एक युनिटचाही फरक पडत नाही, गुणाकार करून बघा. जाड वायर बिलासाठी घ्यायची नसते, भिंत तापू नये म्हणून घ्यायची असते.

वायरमनदादांबद्दल. वायर कितीही चांगली घेतली तरी घरातला करंट शेवटी जोडांमधूनच जातो आणि आगी लागतात त्या बहुतेक जोडापाशीच. हिशोब बघा, एका ढिल्या स्क्रूखाली ०.१ ओहम जरी रेझिस्टन्स आला तरी गीझरच्या १३ अँपिअरला तिथे १७ वॉट उष्णता तयार होते. पूर्ण मीटरभर वायरीत सव्वा वॉट आणि या मुगाएवढ्या जागेत १७. प्लास्टिक पिवळं पडणं, पिन काळी पडणं, जळका वास, सगळं तिथूनच सुरू होतं. आमच्या जुन्या वायरिंगमध्ये हेच झालं होतं आणि ॲल्युमिनियममुळे ते लवकर झालं. ॲल्युमिनियमवर हवा लागताक्षणी ऑक्साईडचा पातळ कडक थर बसतो आणि तो करंट जाऊ देत नाही, शिवाय तापल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त प्रसरण पावतं आणि स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू दबत जातं, मग स्क्रू ढिला. त्यात कुणीतरी नंतर तांब्याची वायर पिळून जोडलेली, वर सातारचा पावसाळा, दोन वेगळे धातू आणि ओल, गंज ठरलेलाच. अमेरिकेतही तांबं महागलं म्हणून १९६५ ते १९७३ या काळात लाखो घरांत ॲल्युमिनियमचं वायरिंग झालं आणि तिथेही जोड तापून आगी लागायला लागल्या, मग ते बंद पडत गेलं.

याचा अर्थ ॲल्युमिनियम वाईट असा नाही हं. कंडक्टिव्हिटी तांब्याच्या ६१ टक्के असली तरी वजन तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी, म्हणजे किलोला किलो धरलं तर ॲल्युमिनियम तांब्याच्या दुप्पट करंट वाहतं. म्हणून डोंगरावरून टॉवरवर ताणलेल्या तारा बहुतेक ॲल्युमिनियमच्या, मध्ये ताण घ्यायला स्टीलची तार. त्यांच्या मापांना प्राण्यांची नावं आहेत, रॅबिट, डॉग, पँथर, झेब्रा, मूस, लाईनमनना विचारा, ते तोंडपाठ सांगतील. तिथे जागा मोकळी आहे, वारा लागतो, जोड दाबयंत्राने घट्ट केलेले असतात. घरातल्या स्विचच्या बारीक स्क्रूखाली मात्र तांबंच हवं.

तर दादांनी काय केलं, की बोर्डाच्या बाहेर, पाईपाच्या आत एकही जोड दिला नाही. जिथे लांबी पुरत नव्हती तिथे पूर्ण वायर काढून नवीन ओढली. प्रत्येक टोकाला लग (तारांवर बसवायची धातूची टोपी) लावून पक्कडने दाबलं, नुसत्या तारा पिळून स्क्रूखाली दिल्या नाहीत. सोलताना एक तारही कापली जाऊ नये म्हणून स्ट्रिपर वापरला, ब्लेड नाही. ३६ तारांपैकी सहा तुटल्या तर त्या एका बिंदूला तुमची वायर अडीचची राहत नाही, हे त्यांना मी सांगायची गरज पडली नाही, तेच आईला समजावत होते. काम झाल्यावर मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजायचं यंत्र) लावून इन्सुलेशन तपासलं आणि काही दिवसांनी येऊन सगळ्या एमसीबीचे (करंट जास्त झाला की आपोआप पडणारे स्विच) स्क्रू पुन्हा आवळून गेले, कारण बारीक तारांचं तांबं सुरुवातीला थोडं बसतं. अशी माणसं मिळणं भाग्याचं आहे. लायसन्स असलेल्या ठेकेदाराच्या हाताखाली ते काम करतात, त्यामुळे टेस्ट रिपोर्टही रीतसर मिळाला.

एमसीबीबद्दल थोडक्यात. एमसीबी उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. अडीचच्या वायरला १६ चा, लाईटच्या दीडला ६ किंवा १० चा, चारला २० चा लावला. सारखा पडतोय म्हणून ३२ चा टाकणं म्हणजे वायरलाच फ्यूज बनवणं. सोबत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) घातलाच, त्यावर वेगळं लिहावं लागेल.

वायरचा अर्धा स्टार का कापला? बंडल उलगडताना गुंता होतो, मधून ओढायची सोय असलेलं खोकं दिलं तर बरं होईल. आणि इन्सुलेशन थोडं कडक आहे, जुन्या अर्ध्या इंची पाईपात दोन वळणांनंतर ओढायला दादांना बराच जोर लावावा लागला, शेवटी तिथे पाईपच बदलला. मीटरचे आकडे वायरवर छापलेले आहेत, किती उरली ते लगेच कळतं, हे मात्र फार सोयीचं.

दुकानाचा एक स्टार कमी का, तर चार एमएमची हिरवी त्यांच्याकडे नव्हती आणि "निळी घ्या, वर हिरवी टेप मारा" असं मुलाने सांगितलं. काका लगेच म्हणाले, "अरे नाही, अर्थिंगचा रंग बदलायचा नाही", आणि शेजारच्या दुकानातून आणून दिली, पण काकांनी ऐकलं नसतं तर गेलीच असती ती निळी कुणाच्यातरी घरात. भाव छापील किमतीपेक्षा बराच कमी मिळाला, तांब्याचा भाव रोज बदलतो म्हणून आकडा देत नाही, दोन-तीन दुकानांत त्याच दिवशी विचारा. पक्कं जीएसटीचं बिल मागा, त्यावर कंपनी, माप आणि बंडलांची संख्या लिहून घ्या. आमची काही न फोडलेली बंडलं उरली, ती त्याच बिलावर काकांनी एकही प्रश्न न विचारता परत घेतली.